दातावरच्या उरलेल्या कॅप्सूल

राघोबद्दल मला फार माहिती नाही. चाळीस वर्षं सापगावात एकाच आळीत राहिलो, पण त्याचं वय मला दवाखान्याच्या कागदावर कळलं. तो बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं. आता बैल थोडे राहिले. म्हसा गावच्या जत्रेत, तिथल्या बैलबाजारात, मात्र त्याला दिवसभर मान वर करायला सवड नसे.

आषाढात त्याला टीबी निघाला. गावातली आशा सेविका पौर्णिमा रोज दारात उभी राहून गोळ्या घ्यायला लावायची. त्या त्याने एकदाही चुकवल्या नाहीत. गणपतीपर्यंत त्याने अंग धरलं. खोकला तेवढा राहिला, आणि त्याला खोकल्याचीच धास्ती होती. बैल आडवा पाडलेला असताना खोकला आला तर हात हलतो, खिळा मांसात जातो. मग त्या माणसाकडे पुन्हा कोणी बैल आणत नाही. जत्रेपर्यंत खोकला जायला हवा, एवढंच तो बोलायचा.

मला दात काढल्यावर अँटिबायोटिकच्या दहा कॅप्सूल दिल्या होत्या. तीन घेतल्या, दुखायचं थांबलं, उरलेल्या डब्यात ठेवल्या. आमच्याकडे सगळेच ठेवतात. त्यातल्या चार राघोला दिल्या. दोन दिवसांत खोकला बसला.

“नाना, तुमचा दात गेला न माजा खोकला गेला,” तो म्हणाला. मला बरं वाटलं होतं.

पुढे खोकला उठला की तो रिकामी पट्टी दाखवून दुकानातून तशाच दोन-तीन आणायचा. बसला की बंद. असं चार-पाच वेळा झालं. पौर्णिमाला त्याने सांगितलं नाही. मीही नाही.

मार्गशीर्षात ताप भरला. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेत होता का. त्याची बायको सकुबाई नाय म्हणाली. मी दाराशी उभा होतो. बोललो नाही.

चार दिवसांनी थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी आटोक्यात होता. पण खराब झालेल्या फुप्फुसात दुसरेच जंतू शिरले होते आणि ते नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. तेव्हा मी कॅप्सूलचं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यामुळेच झालं का, मी विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले, पण असं अर्धवट घ्यायला नको होतं. मग त्याला ठाण्याला हलवायचं ठरलं.

ठाण्यात तो नऊ दिवस जगला. जत्रा त्यानंतर पंधरवड्याने भरली. मी गेलो नाही. डबा फळीवरच आहे, आत तीन कॅप्सूल आहेत.

शहापूरहून ठाण्याला न्यायला गाडीत चढवताना त्याने मला हाताने जवळ बोलावलं होतं. मला वाटलं, कॅप्सूलचं काही विचारील.

“हातोडी कुठं हाय?”

“तुझ्या ओट्यावरच.”

“आत ठेवा. गंजल.”

“ठेवतो,” मी म्हणालो.