नियम राजधानीत राहतो

"सर, आधी वाचा."

मी सही करायला पेन उघडलं, की ती कागदावर तळहात ठेवून एवढंच म्हणायची. पार्किंगचा फॉर्म असो की पाणी बंद राहणार असल्याची नोटीस, दुबईच्या अल नहदा भागातल्या आमच्या इमारतीत तिच्या टेबलापाशी न वाचता सही करता येत नसे. ती युगांडाची, चाळिशीच्या आसपासची, आमची दिवसपाळीची सिक्युरिटी गार्ड.

तुम्हीही अशा कोणाला रोज गुड मॉर्निंग म्हणत असाल आणि तेवढ्यावर आपण माणुसकीने वागतो असं समजत असाल. मी तसंच समजत होतो. घरात मात्र मी तिला 'ती काळी बाई' म्हणायचो. एकदा जेवताना लेक म्हणाली, "बाबा, दॅट्स रेसिस्ट." मी म्हटलं, अगं, मी तरी कुठे गोरा आहे? "एक्झॅक्टली," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली. तेव्हापासून मी 'सिक्युरिटी मॅडम' म्हणू लागलो आणि मनातल्या मनात स्वतःला समाजसुधारक म्हणवून घेऊ लागलो.

एका संध्याकाळी तिने मला थांबवून विचारलं, घरी प्रिंटर आहे का. चार पानं छापायची होती. कसली, ते मी खोदून विचारलं. तिची सतरा वर्षांची मुलगी गावी आजीकडे राहत होती. तिला मूल झालं आणि शाळेने दार बंद केलं. आई झालेली मुलगी वर्गात बसली तर बाकीच्या मुली बिघडतील, असं हेडमास्तरांचं म्हणणं. खरं तर बाळंतपणानंतर अशा मुलींना परत घ्यायलाच हवं, असा नियम त्यांच्या सरकारने केलेला होता. तो तिने फोनवर शोधून काढला होता.

"नियम आहे, तर मग शाळा नाही कशी म्हणते?" मी विचारलं.

"सर, नियम राजधानीत राहतो," ती म्हणाली. "माझ्या गावात हेडमास्तर राहतो."

मी पानं छापून दिली, न वाचताच. शिवाय, न सांगता, शिक्षण अधिकाऱ्याला लिहायचं पत्रही तयार करून दिलं. ऑफिसात ड्राफ्टिंगमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. पत्रात 'विथ ड्यू रिस्पेक्ट' होतं, 'काइंडली डू द नीडफुल' होतं, आणि मुलीला मी 'द सेड वॉर्ड', म्हणजे 'सदर पाल्य', म्हटलं होतं. तिने ओळीखाली बोट फिरवत ते दोनदा वाचलं.

"इंग्रजी भारी आहे, सर," ती हळूच म्हणाली. "पण यात माझी मुलगी कुठे आहे?"

मग तिने स्वतःचं पत्र दाखवलं. माझी मुलगी वर्गात दुसरी यायची. तिला बाळ झालं आहे. सोबत तुमचा नियम जोडला आहे. तिने कोणत्या दिवशी शाळेत यावं, ते कळवा. बस, एवढंच. माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी लिहिणारी बाई दोन वर्षं माझ्यासाठी लिफ्ट धरून उभी होती.

तरीही पुढच्या रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात, एका आफ्रिकन मुलीचं शिक्षण आपण कसं मार्गी लावलं, ते मी दोन टेबलांना ऐकवलं. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमचं पत्र गेलंच कुठे? कामाला आला तो आपला प्रिंटर."

तिकडे आजी आणि नात कागद घेऊन तीन वेळा जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या. दोनदा साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्यांदा एका बाई अधिकाऱ्यांनी सगळं वाचलं आणि त्यांच्यासमोरच हेडमास्तरांना फोन लावला. पुढच्या सोमवारी मुलगी वर्गात बसली. हे सगळं मला सिक्युरिटी मॅडमने लिफ्टपाशी सांगितलं. मी अभिनंदन केलं, त्यांच्या सरकारचंही केलं. तेव्हा तिने सांगितलं की तिने राजीनामा दिला आहे.

आजीला आता नीट दिसत नव्हतं. मुलगी वर्गात असताना तान्हं बाळ कोणाकडे?

"चारही पानं वाचली, सर. दार उघडायचं लिहिलंय. बाळ कोणी धरायचं, ते लिहिलेलं नाही. ते मी धरते."

मी समजावू लागलो. हातची नोकरी अशी सोडू नये, एखादी बाई ठेवा, काहीतरी ॲडजस्ट होतं. आमच्याकडे बघा, लेक झाली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की हिने नोकरी सोडावी.

बायको भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारीच उभी होती. "मिळून?" तिने विचारलं.

लिफ्ट आली. बायकोने पिशव्यांसकट आत जाऊन बाराव्या मजल्याचं बटण स्वतःच दाबलं.

सिक्युरिटी मॅडम गावी गेली त्या दिवशी मी ऑफिसात होतो. बायकोने तिला विमानतळावर सोडलं. दोघी वाटेत काय बोलल्या, ते मला अजून कळलेलं नाही. विचारण्याचा धीरही झालेला नाही.

महिन्याभराने बायकोच्या फोनवर एक फोटो आला. शाळेची मधली सुट्टी असावी. फाटकाबाहेरच्या दगडावर गणवेशातली मुलगी बाळाला पाजत बसली आहे. मांडीवर वही उघडी. शेजारी तिची आई. आईचा चेहरा नीट दिसत नाही, कारण ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही. उन्हाकडे पाठ करून ती अशी उभी आहे, की तिची सावली त्या दोघांवर पडावी.