जुसबमिस्त्रीचे कान

जुसबमिस्त्री बहिरा झालाय हे कच्छच्या मांडवी बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं, मान्य नव्हतं ते फक्त त्याला. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याचं म्हणणं.

बाकी कुठल्या कामात बहिरेपण खपून जातं हो. पण याचं काम फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासण्याचं. सांधा गच्च भरला की हातोडी खणखणीत वाजते, पोकळी राहिली की भदभद. सगळा खेळ कानाचा. वालजी नाखव्याचं 'रवेचीकृपा' गलबत दोन पावसाळे काठावर उघडं पडलं होतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जन्मभर दाद न देणारं सागवान पावसाच्या गोड्या पाण्यानं पार सडवलं. वालजी स्पष्टच बोलला, की डेक गळला तर खालचा तांदूळ जाईल, यंदा काम दुसऱ्याला देतो. जुसब घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याची बायको रेमतबाई तोंडानं नुसती फटाकडी. घर नदीकाठी, गलबतांच्या अगदी समोर. आयुष्यभर भाकऱ्या थापता थापता नवऱ्याची हातोडी ऐकलेली. तिनं त्याला गदागदा हलवलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुम्ही ठोका, मी ऐकते. पोकळ वाजलं की ओढणी हलवीन."

वालजीनं डोक्याला हात लावला, पण जुन्या मिस्त्रीची भीड मोडवेना. नारळ फुटेपर्यंत दुरुस्तीच्या गलबतावर बाईनं पाय ठेवायचा नाही, हा तिथला रिवाज. म्हणून रेमतबाई घरच्याच ओट्यावर बसली. सडक्या फळ्या निघाल्या, नव्या बसल्या, ठोकाठोकी सुरू झाली. ओढणी हलली की जुसब कापूस उपसून पुन्हा भरी. बंदराला आयतीच करमणूक. "मिस्त्री, सरकारचा हुकूम आला बघा," असं कुणीतरी ओरडायचं आणि खाणाखुणाही करायचं. डोलकाठीपाशी काम आलं तेव्हा तो या चिडवण्यानं असा तापला, की ओढणी हलताना दिसूनही त्यानं पाठ फिरवली.

मग परीक्षेचा दिवस. धुतलेले पांढरे कपडे घालून मिस्त्रीनं डेकाखाली जागा बदलत बसायचं, वर खलाशांनी समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओतायच्या. कोरड्या कपड्यांनिशी बाहेर आला तर तो मिस्त्री, नाहीतर घरी बसावं.

जुसब बाहेर आला. अंग सगळं कोरडं, फक्त डाव्या खांद्यावर रुपयाएवढा ओला डाग. हात ठेवून झाकता आला असता. त्यानं मात्र खांदा वालजीपुढे केला.

"हा डोलकाठीपाशी बसलो तिथला. तिनं खूण केली होती, मी मानली नाही. गळालं तेवढं माझं, बाकीचा अख्खा डेक तिचा."

वालजीनं तो डाग बोटानं चाचपला. मग खलाशाकडून नारळ मागवला, गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर फोडला आणि काठापर्यंत फळी टाकायला लावली.

"भाभी, वर या," तो म्हणाला. "तेवढ्या लांबून कशाला ऐकताय?"

रेमतबाई लाजत, धडपडत चढली आणि डोलकाठीपाशी मांडी घालून बसली. जुसबनं तो सांधा उपसला, नवा कापूस भरला, ठोकला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. "अजून एक बोळा घाला."

त्यानं निमूटपणे घातला.