झुंबरअक्काची बिननावी झाडं

सासूबाईंची पहिली भेट मंदाबाईला जन्मभर पुरली. चौऱ्याऐंशीच्या वैशाखात फैजपूरहून लग्न होऊन ती धुळ्याला आली. तिने माप ओलांडलं, आणि झुंबरअक्कांनी नवरीला देवापुढे न नेता थेट परसात ओढलं. पाय भाजत होते, मुंडावळ्या नाकात जात होत्या, आणि अक्का एकेका झाडापुढे तिला वाकायला लावत होत्या. मंदाबाई सांगते, त्या दिवशी परसात हजारभर झाडं होती आणि त्यांतली निम्मी नात्याने चुलतसासरे लागत होती. गिरधरची, म्हणजे नवऱ्याची, पाळी आली तोवर दिवेलागण झाली.

एवढं करून नाव मात्र एकाही झाडाचं नाही. "हाई खोकलानं. हाई पोटनं. हाई तुना कामनं नही."

"पण नावं काय यांची?"

"नाव सांगं का गुण जास, पोरी."

विहिरीकडच्या भिंतीवर एक वेल होता. त्याच्या पाल्यासाठी कावीळ झालेली माणसं पार साक्रीहून यायची. अक्का तो पदराआड खुडायच्या. त्याचं नाव त्यांना त्यांच्या आईने दिवाळीच्या अवसेला, भर दुपारी, उपाशीपोटी कानात सांगितलेलं. पुढे द्यायचं तेही तसंच.

आता मंदाबाई पडली शाळामास्तरीण. शाळेतल्या घंटेलासुद्धा तिने 'घंटा' अशी चिठ्ठी लावली होती. तिने डालड्याचे डबे कापून पाट्या केल्या, नावांसाठी वही उघडली. अक्कांनी त्या पाट्यांनी उंदरांची बिळं बुजवली. गिरधर एस.टी.त कंडक्टर. तो म्हणाला, "प्रवाशाच्या कपाळावर कुठं नाव असतं? तरी उतरतोच ना आपल्या गावी?"

"झोप लागली की शिरपूरला जातो," मंदाबाई म्हणाली.

अशी आठ वर्षं गेली. ब्याण्णवच्या पावसाळ्यात अक्का भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या. समोर बसलेल्या गिरधरलाच तो आला का म्हणून, "गिरधर उना का?" असं विचारू लागल्या. घरात आधी हसू आलं, मग येईनासं झालं.

श्रावणात शेजारच्या प्रमिलाबाई खोकणाऱ्या नातीला घेऊन आल्या. अक्का पानं खुडून आणून पाट्यावर वाटायला बसल्या. भाकरी थापता थापता मंदाबाईने सहज पाहिलं आणि पिठाच्या हातांनीच पाटा उलटा केला.

"अक्का, ही विषारी कण्हेर आहे! अडुळसा नाही!"

"माले शिकाडस का?" अक्का गरजल्या. मग पान उलटंपालटं करून हळूच म्हणाल्या, "कण्हेर कोनी लायी आठे?"

त्यांनीच लावली होती.

प्रमिलाबाई पोरीला उचलून डॉक्टरकडे गेल्या. "पाट्या लावू द्या अक्का, नाहीतर आजपासून कुणाला पान द्यायचं नाही," तिने सांगितलं. अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अवसेले सांगसू. बठ्ठं सांगसू. लिखी ले."

"सगळं आजच सांगा ना. दिवाळीला अडीच महिने आहेत."

"आज सांगं का गुण जाई."

ते अडीच महिने मंदाबाईने दारावर पहारा केला. कोणी पाल्याला आलं की परत पाठवायची. अक्का ओट्यावरून बघत राहायच्या. एकदा त्या परसातच वाट चुकल्या. मंदाबाईने हाताला धरून आणलं, आणि त्या रात्री तिने कॅलेंडरवर अवसेला उरलेले दिवस पुन्हा एकदा मोजले.

अवसेला दोघी उपाशी. भर दुपारी वही घेऊन निघाल्या. तुळशीपाशी अक्का ठणठणीत होत्या. तुळस, कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, सगळं नीट सांगितलं. मंदाबाईची पेन्सिल धावू लागली. मग वेल आला.

अक्कांनी पान खुडलं, हुंगलं, चावून पाहिलं. मंदाबाईने कान त्यांच्या तोंडाशी नेला. गरम श्वास कानावर आला. "हाई..." थोडं थांबून पुन्हा, "हाई..."

मंदाबाई तशीच वाकून उभी राहिली. पाठ भरून आली तरी हलली नाही.

"तूच सांग ना," शेवटी अक्का चिडून म्हणाल्या. "तू मास्तरीण शे."

त्या दिवशी वहीत चार नावं आली. चारही मंदाबाईला माहेराहूनच ठाऊक होती.