एका वळणाच्या सह्या

गणित चुकलं तर बाई चालवून घेत. कविता पाठ नसली तर उद्यावर ढकलत. पण अक्षर वाकडंतिकडं दिसलं की त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. "उत्तर चुकलं तर परत विचारता येतं रे, पण लिहिलेलं वाचताच आलं नाही तर मी काय नवस बोलू?" असं म्हणून त्या पाटी पुसायला लावत. बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडून बाईंनी वळण उचललं होतं: उभी रेघ खाली आली की किंचित डावीकडे झुकवून थांबवायची, आणि वरची रेघ शब्द पुरा झाल्याशिवाय ओढायची नाही. आधी भिंती, मग छप्पर.

सारी नोकरी त्यांनी वस्तीतल्या त्या एका शाळेत काढली. दिवसा पोरं, आणि संध्याकाळी त्याच बाकांवर पोरांच्या आया, रिक्षावाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा न्हावी. मोठ्या माणसांचे गुडघे बाकात मावत नसत, पण पाटी पुसावी लागे ती सगळ्यांनाच. वस्तीत नळ आला तो बाईंच्या खेट्यांमुळे, गटारावर झाकणं आली ती बाईंच्या तोंडामुळे. रस्त्यावरचा दिवा गेला तरी लोक वायरमनकडे न जाता बाईंकडे येत आणि बाई पदर खोचून वायरमनकडे जात.

त्यांचं चालत नसे ते फक्त घरात. यजमान गॅरेजमध्ये इंजिनं उघडण्यात आयुष्य घालवलेले. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "आख्ख्या गावाला वळण लावलंस, मी तेवढा सुटलो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

वस्तीची शाळा सातवीपर्यंत. आठवीला हायवे ओलांडून पलीकडे जावं लागे. मुलगे जात, मुली घरी बसत. बाई दरवर्षी अशा मुलींच्या घरी जाऊन आईबापांशी हुज्जत घालत. काही ठिकाणी यश यायचं, पुष्कळ ठिकाणी चहा पिऊन परत यावं लागायचं. त्यातली एक गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. सातवीत पहिली आलेली एक मुलगी होती, डोळ्यांत नुसती हुशारी. तिच्या वडिलांचा बाईंनी उंबरा झिजवला, पण त्यांनी नन्नाचा पाढा काही सोडला नाही. पुढे त्या मुलीचं लग्न वस्तीतच झालं आणि ती शाळेच्या रस्त्यावर इस्त्रीचं दुकान चालवू लागली. आता तिची लेक सातवीत होती आणि बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. आपण जायच्या आत इथे आठवीचा वर्ग उघडायचा, एवढं एकच त्यांनी डोक्यात घेतलं होतं.

शिक्षण खात्याच्या कचेरीला अर्ज लिहिला. सह्यांसाठी वस्ती लोटली. कधीकाळी अंगठा उठवणाऱ्या बायकांनीही पेन मागून घेतलं, आणि बाईंच्या अर्जावर घाणेरडं अक्षर नको म्हणून एकेकाने जीव ओतून पूर्ण नाव लिहिलं. बाई त्या पानांकडे बघून सुखावल्या.

अर्ज परत आला. वर शेरा होता: एक सही वगळता सर्व सह्या एकाच व्यक्तीने केल्याचे दिसते, सबब अर्ज अमान्य, संबंधित शिक्षिकेने समक्ष येऊन खुलासा करावा.

बाईंनी तो कागद यजमानांपुढे ठेवला. यजमानांनी चष्मा लावून शेरा वाचला, आणखी एकदा वाचला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अहो, माझ्यावर खोट्या सह्यांचा आळ आलाय आणि तुम्ही हसताय?"

"अगं हसू नको तर काय करू? आख्ख्या वस्तीत खरी सही निघाली ती माझी एकट्याची!"

पण बाईंना हसू येईना. ताट तसंच राहिलं. "सगळ्यांच्या बोटांत मी माझंच अक्षर कोंबलं हो," त्या म्हणाल्या. "कुणाला स्वतःचं म्हणून काही ठेवलंच नाही. आता माझ्यापायीच आठवी गेली."

"लिहिता येतं ना त्यांना? मग लिहू देत की साहेबासमोर."

"कुणाला काही सांगायचं नाही. चूक माझी, मी एकटी जाणार."

"बरं," असं म्हणून यजमान दाढी करायला न्हाव्याकडे गेले. न्हाव्याच्या कानात पडलेली गोष्ट वस्तीत पोचायला कितीसा वेळ लागतो!

बाई ठरल्या दिवशी कचेरीत पोचल्या तर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी दुकान बंद करून आला होता, दूधवाला किटल्यांसकट आला होता, आणि इस्त्रीवाली लेकीचा हात धरून भिंतीशी उभी होती. साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदावर विश्वास ठेवायची सवय लागलेला होता.

"या सह्या तुम्ही सगळ्यांनी केल्या म्हणता? ठीक आहे. प्रत्येकाने कागद घ्या आणि आठवी कशासाठी पाहिजे ते माझ्यासमोर लिहा."

सगळे जमिनीवर मांडी घालून बसले. एवढ्यात रिक्षावाल्याने सवयीने हात वर केला. "बाई, समास सोडायचा का?"

"माझ्याकडे बघू नका!" बाई ओरडल्या. साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

कागद गोळा झाले. तीच झुकलेली रेघ, तेच छप्पर. साहेब वाचू लागले. न्हाव्याने लिहिलं होतं, "मी गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवतो. माझ्या नातीला त्यातला अर्थही सांगता यावा." दूधवाल्याने लिहिलं होतं, "हायवेवर माझी सायकल चिरडली. मी वाचलो. पोरी तिथून पाठवायची छाती नाही." इस्त्रीवालीचा कागद साहेबांनी जरा जास्त वेळ हातात धरला. मग मोठ्याने वाचला: "रस्त्यापलीकडे पाठवायला घरचे तयार नाहीत. आठवी इथे आली तर त्यांना तयार करायची जबाबदारी माझी."

"जबाबदारी घेता?" साहेबांनी विचारलं.

"लेखी दिलीय की, साहेब."

साहेबांनी पेन काढलं, जुना शेरा खोडला आणि अर्ज मान्यतेच्या शिफारशीसह वर पाठवला. मग बाईंना म्हणाले, "माझ्या मुलाचं अक्षर फार वाईट आहे हो." बाईंनी पत्ता दिला.

मंजुरी आली तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. आठवीच्या पहिल्या दिवशी वर्गावर नवीन शिक्षिका होती. घरी पाय ठरेनात म्हणून बाई फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीवालीने दुकान बंद ठेवलं होतं. तिने लेकीला आत सोडलं आणि तीही बाईंच्या शेजारी येऊन थांबली. वर्गाच्या खिडकीतून नवीन फळ्याचा कोपरा दिसत होता.

बाईंना राहवेना. इतकी वर्षं मनात राहिलेलं त्या बोलून गेल्या.

"तुझ्या वडिलांना मी पटवू शकले नाही गं."

"नाही पटवलंत," इस्त्रीवाली म्हणाली. "पण मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते, बाई. मला पटलं होतं."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. आत हजेरी सुरू झाली, आणि इस्त्रीवालीच्या लेकीने 'हजर' म्हटलेलं दोघींनी फाटकातून ऐकलं.