ऑर्लिनचं मजबूत डिफरन्शियल

ऑर्लिन टोलेफसनने बायकोला कधी 'नाही' म्हटलं नाही. आमच्या खोऱ्यातले नवरे सहसा म्हणतच नाहीत. ते 'हो' म्हणतात आणि त्या 'हो'च्या शेपटीला एक अट बांधून देतात. मार्लिसला विस्कॉन्सिन सोडून ॲरिझोनात, ट्युसॉनला, बहिणीच्या शेजारी राहायला जायचं होतं. जानेवारीत तिच्या बोटांचे सांधे असे धरायचे की काकडीच्या लोणच्याची बरणीसुद्धा उघडायची नाही. ती स्वयंपाकघरात हात काखेत घालून उभी राहायची आणि बाहेरच्या बर्फाकडे शेजारणीकडे बघावं तसं बघायची. ऑर्लिन म्हणाला, "जाऊ की! माझी कुठं ना आहे? फक्त एकदा गाडी टेकडीवर चढू दे. मग घर विकायला माझा मी मोकळा."

याला चार वर्षं झाली होती.

गाडी म्हणजे एक हिरवी, दोन माणसांची, बुटकी स्पोर्ट्स कार. ऑर्लिनने ती तरुणपणी घेतली आणि पन्नाशीत तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. टेकडी म्हणजे आमच्या नॉर्डहोल्म गावामागची, चर्चच्या पाठीशी उभी असलेली. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तालुक्याचे लोक तिचा रस्ता अर्धा दिवस बंद करतात आणि हौशी मंडळी आपापल्या जुन्या गाड्या एकेक करून वर चढवतात. बक्षीस काही नाही. माथ्यावर बर्निता हौगेन, म्हणजे क्लबची अध्यक्षीण, कागदी कपात कॉफी देते, तीही पाणचट.

तेवढी पाणचट कॉफीही ऑर्लिनच्या नशिबी नव्हती. टेकडीच्या मध्यावर एक उभं वळण आहे. तिथे कधीकाळी दुधाचा टँकर उलटला होता, म्हणून त्याला दुधाचं वळण म्हणतात. तिथे ऑर्लिन जोर द्यायचा, मागून काडकन आवाज यायचा आणि गाडीचं डिफरन्शियल फुटायचं. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधे बसलेला लोखंडी गोळा, इंजिनाचा जोर दोघांना वाटून देणारा. लहान इंजिनासाठी घडवलेल्या त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर ऑर्लिनने हत्ती बसवला होता. तीन वर्षं तो तसलाच जुना गोळा शोधून आणायचा, बसवायचा, आणि तीन वर्षं तो तिथेच फुटायचा. मग ऑर्लिन गाडीशेजारी उभा राहून मान हलवायचा आणि मार्लिसला म्हणायचा, "पुढच्या वर्षी."

गावातल्या पुरुषांना मार्लिसची दया यायची, पण भलत्याच कारणाने. त्यांना वाटायचं, बाईला गाडीचा तिटकारा असणार. सगळ्यांच्या बायकांना असतोच. खरी गोष्ट अशी, की त्या गाडीचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारी या खोऱ्यात एकटी मार्लिसच होती. चर्चमध्ये पास्टरबाईंनी विचारलं, कुणासाठी विशेष प्रार्थना करायची आहे का, तेव्हा लोकांनी आजारी मावश्यांची नावं सांगितली. मार्लिस म्हणाली, "मागच्या चाकांसाठी." लोक हसले. ती हसली नाही.

देव कुठून धावून येईल ते सांगता येत नाही. त्या वर्षी तो हरणाच्या रूपाने आला. नोव्हेंबरात ऑर्लिनचा दोस्त लायल स्क्रामस्टड याच्या भाच्याच्या गाडीसमोर एक हरीण आडवं आलं. गाडी मोठी, नवी, दांडगी. तिचं पुढचं तोंड चेपून सपाट झालं. भाच्याला खरचटलंसुद्धा नाही. शुक्रवारी आम्ही सगळे तळलेला मासा खायला जमतो तिथे ही बातमी निघाली, तेव्हा पुरुष हरणाच्या शिंगांची मापं काढत होते. मार्लिसने काटा खाली ठेवला.

"लायल, मागची बाजू शाबूत आहे का रे?"

"हरणाची?"

"गाडीची, मेल्या."

लायल म्हणाला, शाबूत आहे, आणि ते डिफरन्शियल असलं भक्कम आहे की आमच्या चर्चचा मनोराही ओढून नेईल. मार्लिसने नवऱ्याकडे पाहिलं. ऑर्लिनने बटाट्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर आनंद असायला हवा होता. तो कुठेतरी वाटेत अडकला होता.

कारण ऑर्लिनला जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती ती. तो याच खोऱ्यात जन्मला, याच खोऱ्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ त्याने उभा जन्म ढकलला. इथे पेट्रोल पंपावरचं कुत्रंही त्याला ओळखतं. ट्युसॉनला तो कोण? उन्हात खुर्ची टाकून बसलेला एक गोरा म्हातारा. हे बायकोला तोंडाने सांगायची त्याची छाती नव्हती. आमच्याकडे माणसं मनातलं सांगण्यापेक्षा इंजिन उतरवणं पसंत करतात.

पण हातात काम आलं की ऑर्लिन इमानी. ते मोठं डिफरन्शियल त्याने काढून आणलं, घासून लख्ख केलं आणि डिसेंबरात गॅरेजमधला हीटर लावून कामाला लागला. अडचण पहिल्याच दिवशी आली. इंजिनाकडून येणारा शाफ्ट या गोळ्याच्या मध्यापेक्षा जरा खालून आत शिरायचा आणि ऑर्लिनच्या बुटक्या गाडीत ती जागा फारच खाली येत होती. शाफ्ट वाकडा, कोन वाईट. आठवडाभर तो गाडीखाली आडवा पडून विचार करत राहिला. मग एका सकाळी त्याने तो गोळा सरळ उलथा केला. खालची बाजू वर. शाफ्ट असा नीट ओळीत आला, जशी पट्टी लावून रेघ मारावी!

तेल भरायचं भोक आता खाली गेलं होतं. ऑर्लिनने ते बुजवलं आणि वर नवं पाडलं. हवा जायची नळी वळवून घेतली. जाड पत्र्याचे ब्रॅकेट कापून वेल्ड केले. ते वेल्डिंग बघायला दर गुरुवारी गॅरेजमध्ये गप्पांना जमणारी मंडळी आली. पाच जण, सगळे निवृत्त, सगळ्यांचे गुडघे दुखणारे, तरी एकेक करून गाडीखाली जाऊन आले.

"वेल्डिंग आहे की वेणी घातलीय!" लायल म्हणाला.

"उलटं बसवायचं सुचलं कसं रे तुला?" दुसऱ्याने विचारलं.

"डोकं लागतं," ऑर्लिन म्हणाला.

आता, या विद्येत पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट अशी: डिफरन्शियलच्या आत एक मोठं दातांचं चक्र एका बाजूला बसलेलं असतं. गोळा उलथा केला, की ते डावीकडचं उजवीकडे जातं आणि चाकं उलट्या दिशेने फिरायला लागतात. हे शाळकरी पोरालाही कळतं. पण तिथे एकही शाळकरी पोर नव्हतं. तिथे पाच तज्ज्ञ होते.

मग तपासणी झाली. गाडी स्टँडवर चढवलेली, मागची चाकं अधांतरी. ऑर्लिनने पहिला गिअर टाकला, चाकं गरगरली. लायलने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गोळ्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बाकीच्यांनीही आदराने डोळे मिटले. गोळा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत होता. कुठे खरखर नाही, कुठे धक्का नाही. सगळ्यांनी ऐकलं, एकानेही पाहिलं नाही.

गाडी रस्त्यावर काढून बघितली असती तर पहिल्याच फुटात भांडं फुटलं असतं. पण आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ गाडीचा पत्रा खातं. दोन चांगले पाऊस पडून रस्ता धुऊन निघाल्याशिवाय आपली लाडकी गाडी बाहेर काढणाऱ्याला इथे मुलं टाकून पळालेल्या बापाच्या रांगेत बसवतात. त्या वर्षी बर्फ एप्रिल संपेपर्यंत रेंगाळला. पाऊस एकच झाला, तोही भुरभुर. तेव्हा रिवाजाप्रमाणे ऑर्लिनने विंचच्या दोराने गाडी ट्रेलरवर ओढली, टेकडीच्या पायथ्याशी नेली आणि चार जणांनी ढकलत ती सुरुवातीच्या पांढऱ्या पट्ट्यावर आणून उभी केली.

सगळं गाव जमलं होतं. मार्लिस कुंपणापाशी उभी होती, नव्या फिकट पिवळ्या कोटात. तो कोट ट्युसॉनहून आला होता. ऑर्लिनने हेल्मेट चढवलं, पहिला गिअर टाकला, झेंडा पडला, आणि गाडी जोरात मागे गेली.

मागे बर्निताचं खालचं टेबल होतं; कॉफी माथ्यावर, खाणं इथे. टेबलावर नाश्त्याच्या, चॉकलेट लावलेल्या गोड वड्यांची परात होती. पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. कुणाला लागलं नाही एवढं सांगतो.

"गिअर चुकला!" ऑर्लिन ओरडला आणि पुन्हा पहिला टाकून तसाच फूटभर मागे गेला. मग त्याने रिव्हर्स टाकला. गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकली. आधी लायलच्या डोक्यात उजेड पडला, मग बाकीच्या चौघांच्या, आणि पाचही जण आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"मागे जायला पाच गिअर आणि पुढे जायला एक," लायल हळूच म्हणाला. "ऑर्लिन, लेका, असली गाडी जगात दुसरी नसेल."

"तू कानाला लावून ऐकलं होतंस ना रे?"

"आवाज छान होता," लायल म्हणाला. "मी आवाजाबद्दलच बोललो होतो."

ऑर्लिन उतरला. हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा दुःखी होता, पण ते दुःख जरा फारच चटकन नीटनेटकं झालं होतं. तो मार्लिसकडे गेला आणि त्याने तोंड उघडलं. शब्द कोणते येणार हे तिला ठाऊक होतं. चार वर्षांत पाठ झाले होते.

गावात अजून लोक विचारतात, ऑर्लिनने तो गोळा मुद्दाम उलथा केला का? एवढा हुशार माणूस! मला विचाराल तर मुद्दाम नाही. पण माणसाला जे व्हायला नको असतं, ते तपासायला त्याचे डोळे फारसे उत्सुक नसतात.

"पुढच्या..." ऑर्लिन म्हणाला.

"काही तुटलंय का?" मार्लिसने विचारलं.

"तुटलं नाही, पण..."

"जोर आहे?"

"जोर आहे गं, पण उलटा."

"मग उलटी चढव."

लोक हसले. ती पुन्हा हसली नाही. ती सरळ बर्निताकडे गेली. बर्निता कोटावरचा चॉकलेटचा थर पुसत होती. "बर्निता, तुमच्या नियमात गाडीचं तोंड कुठं असावं असं लिहिलंय?"

बर्निता विचारात पडली. "स्वतःच्या ताकदीने खालच्या पट्ट्यापासून वरच्या पट्ट्यापर्यंत, एवढंच आहे बाई. तोंडाचं कुणाला सुचलंच नाही. पण त्याची मान वळते कुठं? दरीत जाईल तो!"

"त्याची नाही वळत. माझी वळते."

बाकीच्या गाड्या चढून झाल्यावर, अगदी सावकाश, या अटीवर बर्निताने परवानगी दिली. गाडी वळवून तिचं बूड टेकडीकडे केलं. मार्लिसने पिवळ्या कोटावर उसनं हेल्मेट घातलं आणि शेजारच्या सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीला छाती लावून, मागे तोंड करून बसली. त्या गाडीत ती कित्येक वर्षांनी बसत होती. दुखऱ्या बोटांनी तिने सीट घट्ट धरली.

"डावीकडे. थोडं अजून. बस. आता सरळ."

गाडी निघाली. ऑर्लिनच्या हातात फक्त स्टिअरिंग होतं. रस्ता तिच्याकडे होता. त्याच्यासमोर काचेत होतं ते मागे राहणारं गाव. आधी ओळखीचे चेहरे, मग चर्चचा मनोरा, मग शाळेचं छप्पर, मग लांबवर नदीचा पट्टा आणि त्याच्या बापाच्या गोठ्याचा लाल ठिपका. वर चढेल तसतसं सगळं लहान होत होतं, आणि त्याला एक क्षणही तोंड फिरवता येत नव्हतं. सरळ चढला असता तर यातलं काही दिसलं नसतं.

"दुधाचं वळण," मार्लिस म्हणाली. "उजवीकडे घे. जोर दे, ऑर्लिन."

इथे जोर कमी केला असता तर गाडी थांबली असती. इंजिन बंद पडलं असतं, उलट्या चढावर पुन्हा सुरू करणं कठीण, आणि कुणी त्याला नावं ठेवली नसती. त्याचा पाय पॅडलवर हलका झाला. तिला ते कळलं. लग्नाच्या बायकोला असलं कळतंच. फक्त तिचा एक हात सीटवरून सुटला आणि त्याच्या खांद्यावर आला. बोटं पुरती वळतही नव्हती. नुसता तळवा टेकला होता.

ऑर्लिनने जोर दिला. गोळा गुणगुणला, चाकांनी खडी उडवली आणि गाडी वळण ओलांडून वर गेली.

माथ्यावर लायल आधीच येऊन उभा होता. त्याने टोपी हवेत उडवली आणि "लेका, पार्श्वभाग आधी पोचला!" म्हणून ओरडला. कॉफी पाणचटच होती. ऑर्लिनने ती गाडीतच बसून, दरीकडे बघत, तळापर्यंत प्यायली. मार्लिस हेल्मेट काढून शेजारी नीट बसली. आता तीही तेच बघत होती.

"हे उलटं झालं," ऑर्लिन म्हणाला. "खरं तर एकदा सरळ..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. दमून.

ऑर्लिनने रिकामा कप चुरगळला. "काही नाही," तो म्हणाला. "घर विकायला काढायचं, तर अंगणात पाटी उद्याच लावू या. उन्हाळ्यात गिऱ्हाईक बरं मिळतं."