साहेबांच्या बॅनरवरचा तिचा फोटो

आमचे साहेब सोमवारी गेले आणि माझी बायको बुधवारी. साहेबांसाठी शहर बंद राहिलं. तिच्यासाठी गल्लीतली माणसं आली, तेवढी पुरे झाली.

गुरुवारी पक्षाची पोरं घरी आली, काकूंचा एखादा चांगला फोटो द्या म्हणाली. कशाला, हे मी विचारलंच नाही. डोकं चालत नव्हतं. पेपरात देत असतील असं धरून पोरीच्या लग्नातला काढून दिला.

शुक्रवारी रामकुंडात अस्थी सोडून मी आणि पोरगी परत येत होतो, तर चौकात बॅनर. वर साहेब, दारापेक्षा मोठे. खाली कोपऱ्यात ही, ताटाएवढी. भावपूर्ण श्रद्धांजली दोघांना मिळून एकच.

ही पंचवटीच्या बाजारात भाजी विकायची. एका वर्षी साहेबांनी बंद पुकारला. त्यांचं भाषण ऐकून आम्ही तसेच बाजारात घुसलो आणि हिच्या शेजारच्या लिंबूवालीची पाटी गटारात गेली. का, तर ती दुसऱ्या धर्माची. पाटी मी फेकली नाही. फेकणाऱ्याचा हात धरला नाही, हेही खरं. ती बाई परत आली नाही. हिनं दोन महिने तिच्या जागेवर आपलं पोतं अंथरून ठेवलं, दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही. पुढं टीव्हीवर साहेब आले की ही उठून जायची. गल्लीत नळ साहेबांमुळंच आला, हे मी लय वेळा सांगून पाहिलं. पाणी भरायची, पण त्यांचं नाव काढायची नाही.

पोरगी म्हणाली, "बाबा, आई तिथं नको."

वॉर्डाच्या पुढाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "काका, दहाव्यापर्यंत राहू द्या. साहेबांच्या बॅनरला हात लावला तर पब्लिक भडकंल. आन् काकूंना मानच दिलाय ना आपण."

"तिला नको होता तुमचा मान. मला लागायचा."

घरून स्टूल आणि तिचा भाजीचा विळा आणला. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही, म्हणून पोरीनं स्टूल धरलं. पोरं नुसती बघत राहिली. तीस वर्षं त्यांचा झेंडा वागवलेल्या म्हाताऱ्याला अडवणार कोण. तिचा फोटो नीट कापता आला नाही, पदराचा तुकडा बॅनरलाच राहिला.

खाली उतरलो आणि सवयीनं साहेबांना हात जोडले गेले. पोरीनं पाहिलं. स्टूल उचलून पुढं चालू लागली.