नेर्लेकरांचं शिकारीचं अंदाजपत्रक

भास्कर नेर्लेकर एश्बॉर्नच्या एका कंपनीत खर्चाचे हिशेब तपासत. पुण्याला बी.कॉम., मग कॉस्टिंगच्या परीक्षा, मग बदलीवर जर्मनीत आले आणि इथलेच झाले. ऑफिसात त्यांना सगळे आदराने ‘हेर नेर्लेकर’, म्हणजे श्रीयुत नेर्लेकर, म्हणत, शुक्रवारी संध्याकाळी दिवे मालवून आपापल्या घरी जात, आणि सोमवारपर्यंत त्यांना विसरून जात. ‘बास्कार’ म्हणून हाक मारणारी, खांद्यावर थाप देणारी माणसं त्यांना भेटली ती केगेल क्लबात.

केगेल्न म्हणजे जर्मन लोकांचा लाकडी सोंगट्या पाडायचा खेळ. गावातल्या गास्टहाउसच्या, म्हणजे खाणावळीच्या, तळघरात खेळायच्या दोन पट्ट्या होत्या. तिथे दर गुरुवारी सात जण जमत. चेंडू कडेच्या पन्हळीत गेला की दंड, उशीर झाला की दंड, खेळताना राजकारण बोललं की दंड. हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत पडायचं, तिथून बँकेत जायचं आणि चार-पाच वर्षांनी त्या पैशातून सगळ्यांची मिळून सहल निघायची. सहलीला सातही जणांनी जायचं, असा नियम. नेर्लेकर ह्या पेटीचे खजिनदार. पहिल्याच वर्षी त्यांनी जुन्या हिशेबातला घोळ निस्तरला आणि तेव्हापासून ते पद दुसऱ्या कुणी मागितलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांना निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मुलगी शमिका इथेच नोकरीला, त्यामुळे पुण्याला परत जायचा विषय मिटला होता. ऑफिस सुटल्यावर ह्या देशात आपल्याला गुरुवारची संध्याकाळ तेवढी उरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शोभनाताईंनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी डेटलेफने टूम काढली. डेटलेफचं नळजोडणीचं दुकान. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. त्याच्याकडे शिकारीचा परवाना होता, आणखी तिघांकडेही होता. ह्या वेळी मायोर्काचा समुद्रकिनारा नको, द्राक्षमळे नकोत. स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, रस्ता नाही, वस्ती नाही अशा जागी जाऊन मूस मारायचा. मूस म्हणजे घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं थोराड हरीण. वाटाड्या घ्यायचा नाही, कारण वाटाड्या महाग आणि त्यात मर्दानगी नाही. हेलिकॉप्टरने उतरायचं, तंबू ठोकायचे, आपला आपण मारायचा.

“आणि मी काय करू?” नेर्लेकरांनी विचारलं.

“तू तंबूत बसून तुझा तो मसाल्याचा चहा कर. पण त्याआधी बजेट कर. तुझ्याशिवाय कोण करणार?”

सगळे हसले. शेवटचं वाक्य ऐकून नेर्लेकरही हसले.

डेटलेफने एक जाडजूड पाकीट दिलं. त्यात दरपत्रकं होती आणि मागच्या वर्षी कुणीतरी केलेल्या शिकारीचे फोटो होते. नेर्लेकरांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. एका फोटोत जनावर दलदलीत पालथं पडलेलं, जीभ बाहेर, आणि त्याच्या मानेवर बूट ठेवून एक माणूस दात काढून उभा. दुसऱ्यात पोट फाडलेलं. काळ्या चिखलावर आतड्यांचा निळसर ढीग आणि शेजारी बिअरची बाटली.

शोभनाताई पोळ्या लाटत होत्या. “अहो, ते उचला आधी. जेवायच्या टेबलावर कसली मढी मांडलीत!”

“दर बघतोय फक्त.”

“दर बघायला आतडी कशाला लागतात? त्यांना सरळ सांगा ना, मला जमणार नाही म्हणून.”

“खजिनदार आहे मी, शोभना.”

“मग खजिनदारांनी उद्या बकरं कापायला सुरा धरावा.”

जेवायला आलेल्या शमिकाने एक फोटो उचलला आणि लगेच उलटा ठेवला. “पापा, एकेलहाफ्ट!” ती म्हणाली. किळसवाणं. मग ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेली.

किळस नेर्लेकरांनाही येत होती. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नव्हतं. पण नावडत्या कामाला हात घालायची त्यांची एक जुनी रीत होती: वस्तूकडे बघायचं नाही, आकड्याकडे बघायचं. कंपनीत त्यांनी कीटकनाशकांचा खर्च असाच काढला होता. फोटो पाकिटात परत गेले आणि कागदावर रकाने पडले.

गाडी आणि डिझेल चौदाशे पन्नास युरो. बोट सातशे साठ. एका नराची शिकार-फी आणि सगळ्यांचे परवाने सव्वीसशे. माणसं आणि सामान नेण्या-आणण्याचं हेलिकॉप्टर साडेतेवीसशे. उपग्रह-फोन नि तंबू सहाशे नव्वद. शिधा आणि बिअर आठशे ऐंशी. शिंगं घासून-पुसून फळीवर चढवायचे साडेपाचशे. शेवटची रक्कम मांसाची: जनावराचे तुकडे दलदलीतून उचलायला हेलिकॉप्टरच्या दोन जादा फेऱ्या आणि घरापर्यंत थंड पेटीची गाडी, एकोणीसशे. एकूण अकरा हजार एकशे ऐंशी. बँकेत होते नऊ हजार तीनशे.

नेर्लेकरांनी डेटलेफला फोन केला. बिअर कमी करू? छे. शिंगांची फळी? वेड लागलंय का, त्याच्यासाठीच तर जायचं. वरून वर्गणी? कुणी देणार नाही. “तूच काहीतरी काढ. तू हुशार आहेस.”

मग कंपनीत करत तसंच त्यांनी केलं. प्रत्येक खर्चापुढे ‘ह्यातून क्लबाला काय मिळणार’ असा रकाना आखला. गाडीपुढे लिहिलं प्रवास, फीपुढे हक्क, शिंगांपुढे आठवण. मांसापुढे पेन क्षणभर थांबलं. दोनशे किलोच्या वर मांस. ते त्यांच्या घरात येणार नव्हतं, त्यांच्या ताटात पडणार नव्हतं. त्यांच्या लेखी ती घाण होती, आणि घाण घरी आणायला एकोणीसशे युरो मोजायचे, हे त्यांना वेडेपणाचं वाटलं. त्यांनी लिहिलं: काही नाही. शेरा: टाळता येण्याजोगा खर्च. खाली नाव घातलं, तारीख घातली, आणि कागद मेलने सगळ्यांना पाठवून दिला. जर्मन खाटकाच्या पोरानेसुद्धा ज्या ओळीवर काट मारली नसती, ती पुण्याच्या शाकाहारी माणसाने बिनदिक्कत मारली होती.

गुरुवारी ते जिना उतरले तेव्हा खालून टाळ्या पडल्या. डेटलेफने कागद छापून आणला होता.

“बास्कारने काढलं! मी चार दिवस डोकं फोडतोय, आणि ह्याने एका ओळीत सोडवलं.”

“म्हणजे नक्की काय करायचं?” बाकीच्यांतल्या एकाने विचारलं.

“गेनाऊ, अगदी जे ह्यात लिहिलंय ते. मुंडकं कापायचं, माणसांबरोबर हेलिकॉप्टरमध्ये घालायचं. उरलेलं तिथेच.”

“अख्खा मूस?”

“मग? कोल्हे आहेत, कावळे आहेत. त्यांनाही सहल होईल.” डेटलेफ स्वतःच मोठ्याने हसला. “तिथे कोण बघायला येतंय?”

वेल्कर हे क्लबाचे अध्यक्ष. पोस्टातून निवृत्त झालेला वाळका म्हातारा, चार परवानेवाल्यांपैकी एक. ते कागदाकडे बघत म्हणाले, “आम्ही मारलेलं टाकत नाही, डेटलेफ. माझ्या बापाने ससासुद्धा टाकला नव्हता.”

“तुमच्या बापाला हेलिकॉप्टरचं भाडं माहीत होतं का? आणि हे मी नाही म्हणत. खजिनदार म्हणतोय.”

सगळ्यांच्या माना वळल्या. नेर्लेकरांच्या डोळ्यांपुढे फोटोतलं जनावर आलं. ह्या वेळी त्याला डोकं नव्हतं, आणि कुशीत माश्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं की घाणेरडे हे लोक आहेत, आपण फक्त बेरीज केली. आता समोर पडलेल्या कागदावर, त्या सडणाऱ्या धुडाखाली, नाव त्यांचं होतं.

“ती ओळ चुकली,” ते म्हणाले. “माझी चूक. परत घाला.”

“चुकली कुठे? बेरीज बरोबर आहे.”

“बेरीज बरोबर आहे. पण मी मांस खात नाही म्हणून ते फुकट जाणारं धरलं. मारणार असाल तर न्यायला हवं. नाहीतर मारू नका.”

“बघा, बघा!” डेटलेफने ग्लास आपटला. “आयुष्यात बोटभर सॉसेज न चाखलेला माणूस आपल्याला मांसाची किंमत सांगतोय. तुला काय फरक पडतो रे? तुझ्यासाठी तर आम्ही खाल्लं तरी पापच!”

“खाल्लंत तर ते तुमचं तुम्ही बघाल. न खाता टाकलंत तर माझ्या सहीने टाकाल.”

“पैसे कुठून आणू?”

“पुढच्या वर्षी जा. किंवा दारू सोडा, शिंगं सोडा.”

हे ऐकून मात्र सगळ्यांचंच बिनसलं. एक जण म्हणाला, बास्कार, गंमत घालवू नकोस. दुसरा म्हणाला, सहल मतावर ठरते, एवढं तरी तुला माहीत असायला हवं. मतदान झालं. मांस टाकायच्या बाजूने पाच हात वर गेले. पाचवा हात वेल्करांचा होता, अर्धाच वर, कोपर टेबलाला टेकलेलं. नेर्लेकर त्या हाताकडे बघत राहिले. डेटलेफच्या हसण्यापेक्षा त्यांना त्या अर्ध्या हाताची जास्त शिसारी आली.

“बँकेतून पैसे काढायला माझी सही लागते,” नेर्लेकर म्हणाले. “मी करणार नाही.”

मग वेल्कर कागदातच बघत पुटपुटले, “आल्झो, तर मग दुसरा खजिनदार निवडावा लागेल.”

“निवडा.”

डेटलेफ निवडला गेला. नेर्लेकरांनी पेटीची किल्ली टेबलावर ठेवली आणि छापलेल्या कागदाकडे हात केला. “हा मी नेतो.”

“ने की. मेल आहे माझ्याकडे.” डेटलेफने त्यांचा खांदा दाबला. “रुसू नकोस. बस, एक सफरचंदाचा रस घे, माझ्याकडून.”

नेर्लेकरांनी कोट चढवला.

घरी शोभनाताईंनी त्यांचा चेहरा बघितला. पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या शेऱ्यासकट.

“अहो, पण तुम्ही तसं लिहिलंत तरी कसं?”

“मला काय माहीत होतं, ते टाकून देतील!”

“टाळा म्हणून तुम्हीच लिहिलंत ना?”

नेर्लेकरांनी खिशातला छापलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

सप्टेंबरात सहा जण गेले आणि आले. ऑक्टोबरात एका संध्याकाळी वेल्करांचा फोन आला. सोंगट्या खेळायला एक माणूस कमी पडतोय, डेटलेफच्या मनातही आता काही राग नाही, गुरुवारी ये, असं ते म्हणाले.

“मांसाचं काय केलंत?” नेर्लेकरांनी विचारलं.

“शिंगं फार सुंदर आहेत,” वेल्कर म्हणाले. “पट्टीच्या वरच लावलीत. येऊन बघ तरी.”

“नाही येणार.”

“ह्या गुरुवारी नाही?”

“कुठल्याच नाही,” नेर्लेकर म्हणाले आणि फोन ठेवला. आता गुरुवारही उरला नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात निवृत्तीच्या तारखेचा अर्ज दिला. गुरुवारी संध्याकाळी ते आणि शोभनाताई भाजी आणायला बाहेर पडले. गास्टहाउसवरून जाणारा रस्ता जवळचा होता. ते लांबच्या रस्त्याने गेले.